पोटमाळ्यावरचा वॅट

वॅट म्हटलं की आपल्या हॉस्टेलमध्ये दोनच गोष्टी आठवतात. एक म्हणजे साठ वॅटचा पिवळा बल्ब, आणि दुसरी रेक्टर सरांनी छापा घालून जप्त केलेली हजार वॅटची कॉइल! फार तर शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र : चुलीवरची किटली, तिचं थडथडणारं झाकण आणि गालावर हात ठेवून बघत बसलेला एक मुलगा. किटली पाहिली, इंजिन सुचलं, गोष्ट संपली. मार्क मिळाले.

मला स्वतःला ही गोष्ट कधीच पटली नाही. झाकण उडताना तर आपण सगळ्यांनीच पाहिलंय. मॅगी करताना रोज पाहतो. मग आपल्याला का नाही काही सुचलं? लायब्ररीत जुन्या पुस्तकांच्या कपाटात शोधताना जो जेम्स वॅट मला भेटला, तो किटलीपाशी बसलेला नव्हता. तो लेथपाशी उभा होता. अंगात चामड्याचा एप्रन, हातात हत्यार, वय ऐंशीच्या आसपास, आणि जागा घराचा पोटमाळा! या पोटमाळ्यापर्यंत तो कसा पोहोचला आणि तिथे काय करत बसायचा, तेच मला सांगायचंय.

जेम्स वॅटचा जन्म १९ जानेवारी १७३६ चा. गाव ग्रीनॉक, स्कॉटलंडमधलं क्लाईड नदीच्या मुखाशी असलेलं बंदर. वडील जहाजांचं सुतारकाम करायचे, व्यापार करायचे आणि जहाजावरची होकायंत्रं वगैरे दुरुस्तही करून द्यायचे. पोरगं अशक्त. डोकेदुखी तर जन्मभर पाठीला लागलेली. शाळेत धड जाणं होईना म्हणून सुरुवातीचं बरंचसं शिक्षण घरीच झालं. पण वडिलांनी एक शहाणपण केलं. आपल्या वर्कशॉपमध्ये त्याला त्याची वेगळी हत्यारं आणि एक छोटी भट्टी दिली. इतर मुलं मैदानावर होती तेव्हा हा कानस चालवत होता. आज ज्याला आपण होम वर्कशॉप म्हणतो, त्याची सवय वॅटला अशी लहानपणीच लागली.

सतराव्या-अठराव्या वर्षी आई गेली, वडिलांचा धंदाही बसला. वॅटने ठरवलं की गणिताची आणि नौकानयनाची उपकरणं बनवायची. त्यासाठी १७५५ मध्ये तो लंडनला गेला. तिथे नियम असा की सात वर्षं उमेदवारी करायची, मगच कारागीर. याच्याकडे ना तेवढा वेळ ना पैसा. शेवटी जॉन मॉर्गन नावाच्या कारागिराने वीस गिनी घेऊन एका वर्षात शिकवायचं कबूल केलं. सात वर्षांचा सिलॅबस एका वर्षात! (आपण एका रात्रीत करतो, पण तो विषय वेगळा.) वर्षभर तो पितळ कापत, घासत, त्याच्यावर रेघा आखत बसला. हात तयार झाला, तब्येत मात्र बिघडली. १७५६ मध्ये हत्यारं बरोबर घेऊन तो परत आला.

१७५७ मध्ये ग्लासगो विद्यापीठाने त्याला आपल्या आवारात एक खोली दिली. प्राध्यापकांची उपकरणं दुरुस्त करायची, नवीन बनवायची, हे काम. म्हणजे आपल्या भाषेत तो लॅब असिस्टंट होता! पण या लॅब असिस्टंटच्या खोलीत प्राध्यापक स्वतः गप्पा मारायला यायचे. सुप्त उष्मा शोधून काढणारा जोसेफ ब्लॅक हा त्यांच्यातलाच. पोट भरायला वॅट वाद्यंही बनवायचा. संगीताचा कान त्याला नव्हता म्हणे, तरी त्याने ऑर्गनसुद्धा बनवला. सूर त्याला कानाने कळत नव्हता, तो त्याने मोजून काढला.

इथेच १७६३-६४ च्या हिवाळ्यात त्याच्या टेबलावर एक जॉब आला : न्यूकॉमेनच्या वाफेच्या इंजिनाचं छोटं मॉडेल. हो, वाफेचं इंजिन वॅटच्या आधीपासून होतं. थॉमस न्यूकॉमेनचं पहिलं इंजिन १७१२ मध्येच एका कोळशाच्या खाणीतून पाणी उपसत होतं. सिलिंडरमध्ये वाफ भरायची, मग आतच थंड पाण्याचा फवारा मारायचा. वाफेचं पाणी झालं की आत पोकळी होते आणि बाहेरची हवा पिस्टनला खाली दाबते. वर्गात दाखवायचं हे मॉडेल मात्र दोन-चार दणके देऊन बंद पडायचं.

आपल्यापैकी कुणाकडे ते आलं असतं तर चार नट आवळले असते आणि चालतंय म्हणून परत दिलं असतं. वॅटने ते दुरुस्त केलं, पण तिथे थांबला नाही. एवढी वाफ जाते कुठे, हे तो मोजत बसला. उत्तर असं निघालं की प्रत्येक स्ट्रोकला सिलिंडर आधी थंड होतो आणि पुढच्या वाफेला तो पुन्हा तापवावा लागतो. जवळजवळ तीन चतुर्थांश वाफ नुसती लोखंड तापवण्यात जात होती. मॉडेल लहान असल्याने आकारमानाच्या मानाने त्याचं पृष्ठफळ जास्त, म्हणून तिथे हा तोटा आणखीच वाढलेला. सिलिंडर गरमही हवा आणि गारही हवा, असा हा पेच होता.

१७६५ च्या मे महिन्यात एका रविवारी ग्लासगो ग्रीन नावाच्या मैदानावर फिरताना उत्तर सुचलं. वाफ सिलिंडरमध्ये थंड करायचीच नाही. ती दुसऱ्या एका भांड्यात ओढून न्यायची आणि तिथे गार करायची. सिलिंडर कायम गरम, कंडेन्सर कायम गार. झालं! थर्मलच्या पेपरात आपण जो कंडेन्सर एका चौकोनात काढून मोकळे होतो, तो हा.

मला खरी गोष्ट इथून पुढची वाटते. कल्पना सुचली १७६५ मध्ये, आणि पहिली मोठी इंजिनं कामाला लागली १७७६ मध्ये. मधली अकरा वर्षं काय झालं? झालं असं की कागदावर बरोबर असलेलं यंत्र लोखंडात उतरेना. सिलिंडर गोल बनेना! न्यूकॉमेनच्या इंजिनात पिस्टनच्या वर पाणी ओतून ठेवलं की फट बुजायची, थोडं वाकडंतिकडं खपून जायचं. वॅटला सिलिंडर गरम ठेवायचा होता, त्यामुळे पाणी चालणार नव्हतं. मग चामडं, कापड, बूच असं काय काय पिस्टनभोवती गुंडाळून पाहिलं. वाफ निसटायची ती निसटतच होती. वर्कशॉप प्रॅक्टिसचा जर्नल कॉपी करताना टॉलरन्स हा शब्द आपण अर्धवट झोपेत लिहितो. या माणसाच्या आयुष्यातली अकरा वर्षं त्याच एका शब्दाने खाल्ली.

दरम्यान घर चालवायचं होतं. १७६४ मध्ये मार्गारेट मिलरशी लग्न झालं होतं, मुलं होती. जॉन रोबक या कारखानदाराने पैसे घातले, १७६९ मध्ये पेटंट मिळालं, पण पुढे रोबकचंच दिवाळं वाजलं. वॅट कालव्यांचे सर्व्हे करत हिंडत होता, पावसात, चिखलात. १७७३ मध्ये असाच उत्तरेकडे सर्व्हेवर असताना मार्गारेट बाळंतपणात गेली. सदतीस वर्षांचा माणूस, बायको गेलेली, भागीदार बुडालेला, आणि इंजिन अजून अर्धवट. माझ्या मते तिथेच कुणीही हात टेकले असते.

१७७४ मध्ये तो बर्मिंगहॅमला मॅथ्यू बोल्टनकडे गेला. बोल्टनचा सोहो इथे बटणं, बकलं आणि शोभेच्या वस्तूंचा मोठा कारखाना होता, आणि मुख्य म्हणजे तिथे कसलेले कारागीर होते. रोबककडून येणं असलेल्या बाराशे पौंडांच्या बदल्यात बोल्टनने पेटंटमधला त्याचा वाटा घेतला. त्याच वर्षी जॉन विल्किन्सन नावाच्या लोखंडवाल्याने तोफांची नळी अचूक पोखरायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. पुढच्याच वर्षी त्याने सिलिंडरसाठी वेगळं बोअरिंग मशीन बनवलं. त्यात कटर बसवलेला दांडा सिलिंडरच्या आरपार जायचा आणि दोन्ही टोकांना आधारलेला असायचा. एकाच टोकाला धरलेला लांब बार लचकतो आणि बोअर वाकडा येतो, हे लेथवर काम केलेल्या कुणालाही सांगायला नको. पन्नास इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये चूक किती, तर एका जुन्या शिलिंगच्या जाडीएवढीसुद्धा नाही! आज आपल्याला हे हसण्यासारखं वाटेल. त्या काळी ही क्रांती होती. वॅटचं इंजिन धावलं ते विल्किन्सनच्या बोअरिंग बारवर. म्हणून मला वाटतं, मशीन टूलवाल्यांचं नाव इतिहासात इतकं बारीक टायपात छापायला नको होतं.

पुढचं आपल्याला थोडंफार माहीत असतं. १७७५ मध्ये पार्लमेंटने पेटंटची मुदत १८०० पर्यंत वाढवून दिली. कॉर्नवॉलच्या खाणींमध्ये इंजिनं लागली. पैसे घ्यायची पद्धत मोठी मजेदार होती. जुन्या इंजिनाच्या मानाने जेवढा कोळसा वाचेल, त्याच्या किमतीचा एक तृतीयांश द्यायचा. १७८१ मध्ये चाक फिरवण्यासाठी सूर्य-ग्रह गिअर आला, कारण साध्या क्रँकवर दुसऱ्याचं पेटंट होतं. १७८४ मध्ये समांतर गतीची जोडणी आली, म्हणजे आपल्या किनेमॅटिक्समधली स्ट्रेट लाइन मेकॅनिझम. सगळ्या कामांत वॅटला सर्वात जास्त अभिमान याच जोडणीचा होता. १७८८ मध्ये पवनचक्कीतली कल्पना उचलून त्याने गव्हर्नर बसवला. घोड्याची ताकद मोजून मिनिटाला ३३,००० फूट-पौंड हा आकडा ठरवला. त्याच्या इंजिनांवर बोल्टनने नाणी पाडायची टांकसाळ काढली. मुंबई इलाख्याची १७९१ सालची तांब्याची नाणी या सोहोच्या टांकसाळीतच पडली. म्हणजे वॅटच्या वाफेचा दणका आपल्याकडच्या बाजारातही खणखणला होता.

पण देव्हाऱ्यात बसवावा असा हा माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. पेटंट हातात असताना त्याने इतरांना डोकं वर काढू दिलं नाही. दोन सिलिंडरांचं इंजिन करणाऱ्या हॉर्नब्लोअरला कोर्टात रोखलं. जास्त दाबाची वाफ धोक्याची म्हणून तिच्या तो कायम विरोधात राहिला. त्याचाच हुशार माणूस विल्यम मर्डॉक १७८४ च्या सुमारास वाफेच्या गाडीचं मॉडेल चालवत होता, त्यालाही उत्तेजन मिळालं नाही. आणखी एक गंमत पाहा. त्याच्या हत्यारांमध्ये एक ठसा सापडलाय, त्यावर लॉट या फ्रेंच बासरीवाल्याचं नाव आहे. उमेदीच्या काळात पोटासाठी त्याने परदेशी मार्क मारून बासऱ्या विकल्या असाव्यात, अशी संशोधकांना शंका आहे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या नकलांविरुद्ध लढलेल्या माणसाच्या ड्रॉवरमध्ये असा ठसा!

१८०० मध्ये पेटंट संपलं आणि वॅट निवृत्त झाला. वय ६४. साडेचारशेच्या वर इंजिनं झालेली, पैसा भरपूर, हँड्सवर्थला १७९० मध्ये बांधलेलं हीथफील्ड नावाचं मोठं घर. धंदा मुलांच्या हाती. हिशेबठिशेब आणि घासाघीस यांचा त्याला पहिल्यापासून इतका तिटकारा की त्यापेक्षा तोफेच्या तोंडी गेलेलं परवडेल असं त्याला वाटायचं. ते सगळं सुटलं. आता आरामखुर्ची, पेपर, नातवंडं... आपल्याकडचा निवृत्त साहेब हेच करतो.

वॅट जिना चढून पोटमाळ्यावर गेला.

उतरत्या छपराची बुटकी खोली. खिडकीपाशी बाक, पायाने फिरवायचा लेथ, एक स्टोव्ह, भिंतीवर ओळीने हत्यारं, खणाखणांत स्क्रू, पितळेचे तुकडे, भिंगं, खनिजं, रसायनं आणि जुन्या बासऱ्यांचे भाग. लंडनच्या उमेदवारीपासून पुढे जे जे जमलं, त्यातलं बरंच काही तिथे. पहिल्या बायकोनंतर त्याने १७७६ मध्ये अ‍ॅन मॅकग्रेगरशी लग्न केलं होतं. घराच्या टापटिपीबद्दल या बाई फार कडक, अशी त्यांची ख्याती. त्यामुळे कामात गढला की हा गृहस्थ खाली जेवायलाही येत नसे, वरच स्टोव्हवर काहीतरी शिजवून खात असे, असं चरित्रकार सांगतात. हॉस्टेलवाल्यांना हे चित्र नवीन नाही!

आणि करत काय होता? १८०२ मध्ये पॅरिसला त्याने पदकांच्या नकला कोरणारं एक यंत्र पाहिलं होतं. त्यावरून त्याच्या डोक्यात आलं की अख्ख्या पुतळ्याची नक्कल यंत्राने का करू नये? मग त्याने दोन यंत्रं बनवली. एक त्याच मापाची प्रत काढणारं, दुसरं लहान मापाची. तत्त्व सोपं आहे. बाजारात किल्लीवाल्याकडे डुप्लिकेट किल्ली करायचं मशीन पाहिलंय ना? मूळ किल्लीवरून एक बोथट टोक फिरतं आणि त्याच्याशी जोडलेला कटर कोऱ्या किल्लीवर तेच कापतो. वॅटच्या यंत्रात बोथट टोक मूर्तीच्या नाकडोळ्यांवरून फिरायचं आणि त्याला जोडलेला, गरगर फिरणारा छोटा कटर शेजारच्या दगडात तेच नाकडोळे उतरवायचा. लहान मापाच्या यंत्रात टोक आणि कटर एकाच दांड्यावर टेकूपासून वेगवेगळ्या अंतरावर. अंतराचं जे प्रमाण, तेच मूर्तीच्या मापाचं. आज कॉपी मिलिंग म्हणून आपण जे शिकतो, त्याचं हे पणजोबा. एकेका मूर्तीला तासन्‌तास लागायचे. झालेल्या मूर्ती तो मित्रांना भेट द्यायचा, आणि ब्याऐंशी वर्षांच्या होतकरू कलावंताची ही कृती आहे, अशी स्वतःचीच थट्टा करायचा. या यंत्राचं पेटंट त्याने कधीच घेतलं नाही. पुढे बेंजामिन चेव्हर्टनने अशाच यंत्रावर पुतळ्यांच्या छोट्या प्रती काढून धंदा केला. ज्या माणसाने एका पेटंटसाठी आयुष्याची उमेद घालवली, तो शेवटी फुकट, स्वतःच्या आनंदासाठी काम करत होता.

नुसता आनंदच होता, असंही मला म्हणवत नाही. त्या खोलीत हत्यारांबरोबर एक जुनी पेटी होती. तिच्यात होत्या शाळकरी मुलाच्या वह्या आणि चित्रं. त्या ग्रेगरीच्या, दुसऱ्या बायकोपासून झालेल्या मुलाच्या. फार हुशार पोरगा. हम्फ्री डेव्ही हा त्याचा मित्र. आधी १७९४ मध्ये ग्रेगरीची बहीण जेसी पंधराव्या वर्षी क्षयाने गेली. वॅटने तेव्हा काय करावं? डॉ. बेडोज यांच्याबरोबर रोग्याला वेगवेगळे वायू हुंगवायचं उपकरण बनवायला घेतलं. मुलगी गेली होती, पण दुसऱ्या कुणाची तरी वाचेल म्हणून. आणि मग त्याच रोगाने १८०४ मध्ये ग्रेगरीही गेला, सत्ताविसाव्या वर्षी. पाठोपाठ मित्रही गेले. ब्लॅक आधीच १७९९ मध्ये गेला होता, १८०९ मध्ये बोल्टन गेला. या माणसाला उदासीचे झटके तरुणपणापासून यायचे. त्यातून त्याला कशाने बाहेर काढलं असेल, तर माझ्या मते त्या लेथने. हातात जॉब असला की मन भलतीकडे जात नाही. समोर कापायला इतकी बारीक रेघ असते की तिच्यापुढे दुसरं काही दिसत नाही. पेटी मात्र त्याने तिथून हलवली नाही. तिच्या शेजारीच बसून तो काम करत राहिला.

२५ ऑगस्ट १८१९ ला, ८३ व्या वर्षी, वॅट गेला. हँड्सवर्थच्याच चर्चमध्ये त्याला पुरलं. पोटमाळ्याला कुलूप लागलं आणि खोली जवळजवळ होती तशीच राहिली. बाकावरची धूळ साठत गेली. शंभर वर्षांनंतर, १९२४ मध्ये, लंडनच्या सायन्स म्युझियमने ती खोलीच उचलून नेली. दार, खिडकी, जमिनीच्या फळ्या आणि आठ हजारांहून जास्त वस्तू! पाठोपाठ १९२७ मध्ये घर पाडलं. २०११ मध्ये ती खोली म्युझियममध्ये नव्याने मांडून लोकांसाठी उघडली. तिथल्या साच्यांमधल्या एका अनोळखी साच्याचं लेझरने स्कॅनिंग करून पाहिलं, तर आतला चेहरा खुद्द वॅटचा निघाला. नकला काढणाऱ्याची नक्कल त्याच्याच सामानात दोनशे वर्षं पडून होती.

१८८२ मध्ये विल्यम सीमेन्सने शक्तीच्या एककाला वॅटचं नाव सुचवलं आणि ते बल्बवर जाऊन बसलं. हा मान मोठाच. पण मला विचाराल तर त्या बल्बपेक्षा ती खोली मोठी. आपण वर्कशॉपकडे फर्स्ट इयरची कटकट म्हणून बघतो. जॉब दुसऱ्याकडून घासून घेतो, सही मिळाली की ड्रेस धोब्याकडे. पुढे सॉफ्टवेअरमध्येच जायचंय, मग कानस कशाला, हा युक्तिवाद हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर ऐकू येतो. जा ना, जरूर जा. फक्त एवढं लक्षात असू द्या, की वॅटला कल्पना सुचायला एक रविवार पुरला, आणि ती खरी व्हायला एक गोल भोक मिळेपर्यंत अकरा वर्षं थांबावं लागलं. आणि नाव, पैसा, कारखाना सगळं मिळून झाल्यावरही त्याला सोबत उरली ती लहानपणी वडिलांनी दिलेल्या त्या सवयीचीच.

हॉस्टेलमध्ये लेथ ठेवता येणार नाही, रेक्टर सर कॉइलदेखील ठेवू देत नाहीत! पण एक छोटा व्हाइस, दोन कानशी आणि एक हॅकसॉ टेबलाखालच्या खोक्यात सहज मावतात. गॅलरीत बसून एखादं बिजागर, एखादा किल्लीचा जोड, सायकलचा एखादा सुटा भाग स्वतःच्या हाताने करून पाहा. मार्क नाहीत, सबमिशन नाही, सही नाही. पहिला चौकोन काटकोनात येणार नाही. दुसरा थोडा बरा येईल.

– अंतिम वर्ष, मेकॅनिकल